दुसऱ्याच्या नावाने जपलेली पुस्तके

ग्रंथसंग्राहकांच्या जगात भाषांतराला सहसा मान नसतो. पहिल्या आवृत्तीच्या शोधात असलेल्या माणसाला लेखकाच्याच भाषेतला आणि शक्य तर त्याच्या हयातीत छापलेला ग्रंथ हवा असतो. भाषांतर त्याच्या दृष्टीने उसना माल. मूळ मिळत नसेल तर वाचायला ठीक, पण कपाटात कुलूपबंद ठेवण्याजोगे नव्हे. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेल्या पुस्तकांचा अपवाद ठळक म्हणावा लागेल. ‘डॉन किहोते’चे (मराठी वाचकाच्या परिचयाचा ‘डॉन क्विक्झोट’) १६१२ सालचे इंग्रजी भाषांतर, ‘लासारिल्यो दे तोर्मेस’चे १५८६ सालचे, ‘सेलेस्तिना’चे १६३१ सालचे, ही पुस्तके लिलावात आली की मोठमोठी ग्रंथालये आणि धनिक संग्राहक सावध होतात.

हा अपवाद का झाला? भाषांतरकारांची थोरवी उशिरा का होईना मान्य झाली, असे उत्तर द्यायला कोणालाही आवडेल. वस्तुस्थिती तशी नाही. या पुस्तकांचा इतिहास पाहू लागले की ती बहुतांशी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावासाठी जपली गेल्याचे ध्यानात येते: कधी सर्व्हान्टेसच्या, तर कधी शेक्सपिअरच्या. ज्यांनी ती इंग्रजीत आणली त्यांची नावे त्या मोठ्या नावांच्या आडोशाने वाचली. हा आडोसा त्यांना कसा लाभला आणि त्याची किंमत काय पडली, याचा विचार येथे करायचा आहे.

०००

प्रारंभ सर्वांत प्रसिद्ध पुस्तकापासून करू. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग माद्रिदमध्ये १६०५ साली प्रसिद्ध झाला. त्याचे टॉमस शेल्टन याने केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये १६१२ साली निघाले. पहिल्या भागाचे कोणत्याही भाषेत झालेले हे पहिले संपूर्ण भाषांतर होय. मुद्रक विल्यम स्टॅन्स्बी, प्रकाशक एडवर्ड ब्लाउंट आणि विल्यम बॅरेट. सर्व्हान्टेस तेव्हा हयात होता आणि कादंबरीचा दुसरा भाग अजून बाहेर पडायचा होता.

या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर ना सर्व्हान्टेसचे नाव आहे, ना शेल्टनचे. शूर आणि चतुर सरदाराचा हा इतिहास स्पॅनिशमधून भाषांतरित केला आहे, एवढेच तेथे सांगितले आहे. भाषांतरकार भेटतो तो आत, लॉर्ड वॉल्डन यांना उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेखाली. तेथे तो सांगतो की हे काम आपण पाचसहा वर्षांपूर्वी, एका जिवलग मित्राच्या आग्रहाखातर, चाळीस दिवसांत उरकले. मित्राने ते पाहिल्यावर बाजूला टाकून दिले. आणि पुढे इतरांनी गळ घातली तेव्हा, कोणीतरी ते तपासून चुका दुरुस्त कराव्यात या अटीवर, छापायला दिले. लेखकाने अर्पणपत्रिकेत विनय दाखवायचा हा त्या काळचा रिवाज होता. त्यामुळे चाळीस दिवसांचा हिशेब शब्दशः घ्यायचे कारण नाही. पण ‘पाचसहा वर्षांपूर्वी’ हे मात्र जुळते. शेल्टनने माद्रिदची आवृत्ती वापरली नव्हती; त्याच्यासमोर १६०७ साली ब्रसेल्सला छापलेली आवृत्ती होती. त्या आवृत्तीतच आढळणारे पाठभेद त्याच्या इंग्रजीत उतरले आहेत, त्यावरून अभ्यासकांनी हे निश्चित केले. साहजिकच शेल्टनचा खरा चाहता असलेल्या संग्राहकाला माद्रिदच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा ब्रसेल्सची ही आवृत्ती अधिक हवीशी वाटायला हवी. भाषांतराचे मूळ म्हणजे भाषांतरकाराच्या हातात प्रत्यक्ष असलेले पुस्तक, ही साधी गोष्ट संग्राहकांच्या याद्यांमध्ये फारशी दिसत नाही.

शेल्टन कोण होता? तो आयरिश कॅथलिक होता, इंग्लंडबाहेरच्या कॅथलिक वर्तुळांत वावरला होता, एवढे संशोधकांनी जुन्या कागदपत्रांतून जुळवले आहे. सर्व्हान्टेससारख्या लेखकाला इंग्लंडमध्ये आणणाऱ्या माणसाचे चरित्र अर्ध्या पानात संपते.

त्याच्या भाषांतराला पुढच्या काळात बरेच दूषण मिळाले. स्पॅनिश शब्दाशी ध्वनीने जवळचा इंग्रजी शब्द दिसला की तो बिनदिक्कत ठेवून देतो, हा मुख्य आक्षेप. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘सुसेसो’ या शब्दासाठी योजलेला ‘सक्सेस’. पवनचक्क्यांच्या प्रसिद्ध आठव्या प्रकरणाच्या मथळ्यातही तो आहे. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. ‘सुसेसो’ म्हणजे घडलेली गोष्ट, तिचा शेवट. आणि पवनचक्कीच्या पात्यावरून फेकला गेलेल्या सरदाराला यश कसले मिळाले? परंतु शेल्टनच्या काळच्या इंग्रजीत ‘सक्सेस’चा अर्थ ‘परिणाम’, ‘निष्पत्ती’ असाही होता. म्हणजे काही ठिकाणी आपण ज्याला भाषांतरकाराची चूक म्हणतो, ते वस्तुतः आपल्या आणि त्याच्या इंग्रजीतले अंतर असते. नंतरच्या कोणत्याही भाषांतराला जे साधणे शक्य नाही ते शेल्टनला आयते लाभले होते: त्याची इंग्रजी आणि सर्व्हान्टेसची स्पॅनिश एकाच काळाच्या होत्या. त्यांतल्या म्हणी, शपथा, खाण्यापिण्याचे आणि चिलखताचे शब्द एकाच जगातले होते. जॉन ऑर्म्सबी याने १८८५ साली आपले ‘डॉन किहोते’ प्रसिद्ध केले तेव्हा प्रस्तावनेच्या आरंभीच सांगून टाकले की शेल्टनचीच नवी आवृत्ती काढावी असा आपला जुना मनोदय होता आणि तो नाइलाजाने सोडावा लागला. हे पुस्तक आता दुर्मीळ झाले आहे, अशी नोंदही त्याने तेथे केली. शेल्टनच्या उणिवा ऑर्म्सबीने लपवल्या नाहीत. पण प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून आलेली ही दाद पुष्कळ बोलकी आहे.

मात्र १६१२ सालच्या प्रतीचे मोल वाढवणारे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा शेल्टनच्या गुणदोषांशी काही संबंध नाही. १६१३ साली शेक्सपिअरच्या नाटक मंडळीने राजदरबारात एक नाटक केल्याची नोंद आहे. त्याचे नाव ‘कार्देनिओ’शी मिळतेजुळते आहे आणि कार्देनिओ हे ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागातले पात्र. १६५३ साली हम्फ्री मोझ्ली या प्रकाशकाने हे नाटक फ्लेचर आणि शेक्सपिअर यांच्या नावावर नोंदवले. नाटक हरवले. १७२७ साली लुइस थिओबॉल्डने त्याच कथेवरचे ‘डबल फॉल्सहूड’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि आपल्याजवळ शेक्सपिअरची हस्तलिखिते असल्याचा दावा केला. त्या दाव्यावरचा वाद अजून शमलेला नाही. २०१० साली आर्डन शेक्सपिअर मालेत या नाटकाचा समावेश झाला तेव्हा तो पुन्हा पेटला. एकंदरीत, शेक्सपिअरने ‘डॉन किहोते’ वाचले असेल तर ते शेल्टनच्या इंग्रजीत, असा तर्क होतो आणि त्या तर्काने शेल्टनच्या पुस्तकाला शेक्सपिअरच्या कपाटात जागा मिळते. अशा वेळी संग्राहक शेल्टनचे पुस्तक विकत घेतो. पण पैसे मोजतो ते हरवलेल्या नाटकासाठी.

०००

शेल्टन हा या परंपरेचा आरंभ नव्हे. त्याच्या आधीच्या पुस्तकांत तर नावांचा हा खेळ अधिकच रंगतदार होतो.

‘लासारिल्यो दे तोर्मेस’ हे छोटेखानी पुस्तक १५५४ साली स्पेनमध्ये आणि अँटवर्पला छापले गेले. एक अनाथ पोर एकामागून एक मालकांकडे नोकरी करते, उपाशी राहते, लबाडी शिकते आणि आपली कहाणी आपणच सांगते. लेखकाचे नाव नव्हते. आजही ते निर्विवाद ठरलेले नाही. पाद्र्यांची त्यात जी टिंगल आहे तिच्यामुळे १५५९ साली धर्मपीठाने त्यावर बंदी घातली आणि १५७३ साली त्याची छाटलेली आवृत्ती काढू दिली. म्हणजे स्पेनमधल्या वाचकाला अखंड ‘लासारिल्यो’ उघडपणे मिळेनासा झाला, त्या काळात लंडनचा वाचक तो इंग्रजीत वाचू शकत होता. वेल्समधल्या अँगलसीच्या डेव्हिड रोलंडने बंदीपूर्व पाठाला धरून, फ्रेंच भाषांतराचीही मदत घेऊन, तो इंग्रजीत आणला. हाती असलेली जुनी आवृत्ती १५८६ सालची आहे. पण तिची अर्पणपत्रिका सर टॉमस ग्रेशम यांना आहे आणि ग्रेशम १५७९ सालीच वारले होते. तेव्हा याआधीही एक आवृत्ती निघाली असणार आणि वाचून वाचून ती नाहीशी झाली असणार. स्वस्त आणि करमणुकीच्या पुस्तकांचे हेच होते. जे लोकांना आवडले ते फाटले. जे न वाचता पडून राहिले ते टिकले. रोलंडच्या शीर्षकपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव असणे शक्यच नव्हते. भाषांतरकाराचे मात्र आहे, गावासकट. निनावी लेखकाने भाषांतरकाराला अशी जागा करून दिली.

१५७८ साली टॉमस ईस्ट या मुद्रकाने एक स्पॅनिश वीरकथा छापली. दिएगो ओर्तुन्येस दे कालाओर्रा याच्या या कथेचा नायक ‘सूर्याचा सरदार’. स्पॅनिश वीरकथा थेट स्पॅनिशमधून इंग्रजीत येण्याची ही पहिली वेळ. इतर फ्रेंचच्या वाटेने येत. शीर्षकपृष्ठावर भाषांतरकाराची फक्त दोन आद्याक्षरे आहेत. पान उलटले की नाव कळते: मार्गारेट टायलर. लढाया आणि प्रेमप्रकरणे असलेले पुस्तक एका बाईने, तेही उतारवयातल्या, इंग्रजीत आणावे हे त्या काळाला रुचणारे नव्हते, आणि टायलरला त्याची पुरेपूर जाणीव होती. तिची प्रस्तावना म्हणजे स्त्रीच्या लेखनाधिकाराचे इंग्रजीतले एक आरंभीचे समर्थन होय. तिचा युक्तिवाद वकिली थाटाचा आहे. पुरुष जर आपली पुस्तके स्त्रियांना अर्पण करतात, तर स्त्रियांनी ती वाचावीत असेच त्यांना वाटत असले पाहिजे. आणि वाचण्याची मुभा असेल तर त्याच विषयावर लिहिण्याची का नसावी? हीच वीरकथा ‘डॉन किहोते’च्या पहिल्याच प्रकरणात पुन्हा भेटते. गावचा न्हावी सर्व सरदारांत ‘सूर्याचा सरदार’ श्रेष्ठ मानतो. हा न्हावी लंडनमध्ये राहत असता तर त्याला मार्गारेट टायलरचेच पुस्तक वाचावे लागले असते.

ही सारी भाषांतरे इंग्लंड आणि स्पेन यांच्यातल्या वैराच्या काळात झाली, हे विसरून चालणार नाही. जॉन फ्रॅम्प्टन हा व्यापारी स्पेनमध्ये धर्मपीठाच्या तुरुंगात पडला, छळ सोसून मायदेशी परतला आणि त्याच स्पॅनिशच्या जोरावर भाषांतरकार झाला. निकोलास मोनार्देसच्या अमेरिकेतल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथाचे त्याचे भाषांतर १५७७ सालचे. १५८८ साली स्पेनचे आरमार इंग्लंडवर चालून आले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी रिचर्ड पर्सिव्हलने स्पॅनिशचे व्याकरण व कोश प्रसिद्ध केला. शत्रूची भाषा शिकायची ती त्याचा बेत कळावा म्हणून. पण भाषा आली की तिच्यातल्या गोष्टीही आल्या. होर्हे दे मोन्तेमायोरच्या ‘दियाना’ या गोपकथेचे बार्थोलोम्यू यंगने केलेले भाषांतर १५९८ साली छापले गेले, तेव्हा युद्ध चालूच होते. १६०४ साली तह झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचे शिष्टमंडळ तहावर शिक्कामोर्तब करण्यासाठी व्हायादोलिदला गेले. सर्व्हान्टेस त्या वेळी त्याच शहरात राहत होता.

०००

तहानंतरच्या शांततेतून एक छोटे पण महत्त्वाचे वर्तुळ तयार झाले. सर जॉन डिग्बी १६११ साली राजदूत म्हणून माद्रिदला गेले. त्यांच्याबरोबर ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजचा फेलो जेम्स मॅब होता. तरुण लेनर्ड डिग्जही त्या सुमारास तेथे होता. दोघेही पुढे भाषांतरकार झाले आणि दोघांचाही प्रकाशक शेल्टनचाच एडवर्ड ब्लाउंट. १६२२ साली डिग्जने सेस्पेदेस इ मेनेसेस याची कादंबरी इंग्रजीत आणली आणि मॅबने मातेओ आलेमानची ‘गुस्मान दे आल्फाराचे’ ही भामट्याची प्रचंड आत्मकथा. मॅबच्या ग्रंथाला बेन जॉन्सनने स्तुतिपर कविता लिहून दिली. दुसऱ्याच वर्षी, १६२३ मध्ये, शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ निघाला. त्याच्या प्रकाशकांत ब्लाउंट आहे, आरंभीच्या श्रद्धांजलीपर कवितांत डिग्जची कविता आहे, आणि ‘आय. एम.’ अशी सही असलेली आणखी एक छोटी कविता आहे. ती जेम्स मॅबचीच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या पुस्तकासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात, त्याच्या उंबरठ्यावर स्पॅनिशचे दोन भाषांतरकार असे उभे आहेत.

याहून बोलका पुरावा ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आहे. लोपे दे व्हेगाच्या कवितांच्या १६१३ सालच्या आवृत्तीची एक प्रत मॅबने स्पेनहून एका मित्रासाठी पाठवली. तिच्या आरंभीच्या कोऱ्या पानावर डिग्जने चार ओळी खरडल्या: स्पॅनिश लोकांना आपल्या लोपेचे जसे कौतुक, तसे आपल्याला आपल्या विल शेक्सपिअरचे त्याच्या सुनीतांसाठी असायला हवे, अशा आशयाच्या. शेक्सपिअर तेव्हा हयात असावा. ही नोंद १९६३ साली प्रसिद्ध झाली, तोवर ती साडेतीनशे वर्षे त्या पानावर तशीच होती. एखाद्या नीटनेटक्या मालकाने नवी बांधणी करताना ते ‘खराब झालेले’ पान काढून टाकले असते, तर एका समकालीनाने लोपे आणि शेक्सपिअर यांना एका तागडीत तोलल्याचा हा पुरावा कायमचा गेला असता.

मॅबची नावाबाबतची तऱ्हा निराळी. त्याने आपली भाषांतरे ‘डॉन दिएगो पुएदे-सेर’ या नावाने प्रसिद्ध केली. दिएगो म्हणजे जेम्स. ‘पुएदे सेर’ म्हणजे ‘असू शकेल’, इंग्रजीत ‘मे बी’, आणि त्यात दडलेला ‘मॅब’. स्पॅनिश येणाऱ्यालाच कळावा असा हा विनोद आहे. त्याचे ‘सेलेस्तिना’चे भाषांतर १६३१ सालचे. एका कुंटणीभोवती फिरणाऱ्या या संवादरूप कथेचा लेखक फेर्नान्दो दे रोहास यानेही आपले नाव आरंभीच्या पद्याच्या आद्याक्षरांत लपवले होते. लेखक आणि भाषांतरकार असे दोघेही लपंडाव खेळणारे. मॅबने या कथेतले ख्रिस्ती धर्माचे उल्लेख ठिकठिकाणी पुसून त्यांच्या जागी ग्रीक-रोमन देवदेवता आणल्या. कुंटणीच्या तोंडी देवाचे नाव येणे त्याला किंवा त्याच्या काळाला खपणारे नसावे. या भाषांतराचे एक आधीचे हस्तलिखित नॉर्थम्बरलंडच्या ॲनिक किल्ल्यात टिकले आणि १९७२ साली संपादित होऊन प्रसिद्ध झाले. छापील पुस्तक आणि हस्तलिखित शेजारी ठेवले की भाषांतरकाराचा हात कोठे थबकला, कोठे मागे आला, हे दिसते. सर्व्हान्टेसच्या बारा ‘आदर्श कथां’पैकी सहांचे मॅबचे भाषांतर १६४० साली आले, त्याच टोपणनावाने.

०००

ही पुस्तके आजवर टिकली त्यामागे संग्राहकांची एक मोठी रांग आहे, आणि तिच्यातला प्रत्येकजण काहीतरी वेगळेच शोधत होता. विल्टशरच्या इडमिस्टन गावचा पाद्री जॉन बोल याने ‘डॉन किहोते’त उल्लेखिलेल्या वीरकथा मोठ्या चिकाटीने गोळा केल्या, कारण त्याला त्या कादंबरीवर टीपा लिहायच्या होत्या. त्याची सटीप स्पॅनिश आवृत्ती १७८१ साली निघाली. संग्रह आणि संशोधन यांचा इतका सरळ संबंध पुढे क्वचितच दिसतो. अमेरिकेत जॉर्ज टिकनरने स्पॅनिश साहित्याचा इतिहास (१८४९) लिहिताना जो ग्रंथसंग्रह उभारला, तो १८७१ साली त्याच्या मृत्यूनंतर बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला. आर्चर हंटिंग्टनने १९०२ साली हेरेसच्या मार्कीसचा अवघा ग्रंथसंग्रह विकत घेऊन अटलांटिकपार नेला. त्याने १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या हिस्पॅनिक सोसायटीत तो आहे. स्पॅनिश विद्वानांना या विक्रीचे दुःख झाले, आणि ते स्वाभाविकच होते.

सर्वांत नवलाची कथा हेन्री स्पेन्सर ॲशबी याची. हा लंडनचा सधन व्यापारी एकीकडे सर्व्हान्टेसची पुस्तके जमवत होता आणि दुसरीकडे युरोपभरचे अश्लील वाङ्मय. ‘डॉन किहोते’च्या चित्रांची त्याने केलेली सूची १८९५ साली प्रसिद्ध झाली, अश्लील ग्रंथांच्या सूच्या त्याने टोपणनावाने आधीच काढल्या होत्या. १९०० साली तो वारला आणि पंधरा हजारांवर खंडांचा त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला गेला. सर्व्हान्टेसच्या लोभाने म्युझियमने ते दुसरे वाङ्मयही पदरात घेतले, असे सांगतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला बोध असा की येथेही एका प्रकारची पुस्तके दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांच्या पुण्याईवर आत आली.

संग्राहकांचे उपकार मोठे आहेत, पण अपकारही आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रत ‘निर्दोष’ असावी या हव्यासाने पाने धुतली गेली, समासातली जुनी हस्ताक्षरे पुसली गेली, कडा कापून सोनेरी केल्या गेल्या आणि जुनी साधी चामडी बांधणी टाकून झगमगीत बांधणी झाली. अपुऱ्या प्रतीला दुसऱ्या प्रतीची पाने जोडून पुरी करणे हा तर सर्रास व्यवहार होता. टॉमस वाइज हा त्या काळचा नामांकित संग्राहक. सतराव्या शतकातल्या नाटकांच्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतींची पाने चोरून त्याने आपल्या आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या प्रती भरून काढल्या, हे डेव्हिड फॉक्सन यांच्या संशोधनातून १९५० नंतरच्या दशकात उघड झाले. त्यामुळे आजचा जाणता ग्राहक सुंदर प्रतीकडे आधी संशयाने पाहतो. १६२० साली शेल्टनच्या भाषांतराचा दुसरा भाग निघाला, तेव्हाच्या छपाईत सरदार आणि सांचो यांचे कोरीव चित्र असलेले शीर्षकपृष्ठ आहे. ते पान १६१२च्या छपाईत आढळले, तर ते मागाहून कोणी बसवले हा प्रश्न विचारलाच पाहिजे. डाग, घड्या, कोणा मुलाने गिरवलेली अक्षरे, किमतीची नोंद, हे सर्व पुस्तक वाचले गेल्याचे साक्षीदार आहेत. धुतलेल्या प्रतीला आपली साक्ष देता येत नाही.

पुस्तकांच्या या नशिबाचे सर्वांत मार्मिक चित्र सर्व्हान्टेसनेच काढून ठेवले आहे. डॉन किहोते स्वतःच संग्राहक आहे. शेतजमिनी विकून त्याने वीरकथा विकत घेतल्या. सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी त्याच्या शंभरावर पुस्तकांचा निवाडा करतात. काही आगीत जातात, काही वाचतात. ‘दियाना’ काटछाटीच्या अटीवर सुटते. मग ग्रंथालयाचे दारच भिंत घालून बंद करतात. १९९२ साली स्पेनमधल्या बारकारोता गावी एका जुन्या घराची दुरुस्ती चालली असता भिंतीमागे दडवलेली पुस्तके सापडली. त्यांत ‘लासारिल्यो’ची १५५४ सालची, मेदिना देल काम्पो येथे छापलेली, तोवर अज्ञात असलेली आवृत्ती होती. कोणीतरी धर्मपीठाच्या भीतीने ती भिंतीत चिणली असावी. कादंबरीत भिंत घातली ती पुस्तके मालकापासून तोडण्यासाठी. बारकारोताच्या घरात ती घातली पुस्तके वाचवण्यासाठी. संग्राहकाचे कुलूपबंद कपाट या दोन भिंतींपैकी कोणत्या जातीचे, हे प्रत्येक कपाटापुरते वेगळे ठरवावे लागेल.

०००

आज ही भाषांतरे वाचायला मूळ प्रत हवीच असे नाही. हेन्लीच्या ‘ट्यूडर ट्रान्सलेशन्स’ मालेत मॅबची ‘सेलेस्तिना’ १८९४ साली आणि शेल्टनचा ‘डॉन किहोते’ १८९६ साली पुन्हा छापला गेला, दोन्हींना जेम्स फिट्झमॉरिस-केली यांच्या प्रस्तावना होत्या. ‘गुस्मान’ १९२४ साली आला. विसाव्या शतकात जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या सूक्ष्मफिती झाल्या, त्यांच्यावरून संगणकीय प्रतिमा झाल्या, आणि २०१५ साली पंचवीस हजारांवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचा मजकूर सर्वांना खुला झाला. मजकूर असा मोकळा झाल्यावर जुन्या प्रतीपाशी जे उरते ते कागदाचे, शाईचे आणि हाताच्या खुणांचे असते. बेलियलच्या प्रतीवरची डिग्जची नोंद मजकुरात नव्हती, पानावर होती. प्रत जपायची ती यासाठी.

पण या साऱ्यात भाषांतरकाराचे काय? शेल्टनचे मोल सर्व्हान्टेस आणि शेक्सपिअर यांच्यामुळे, यंगचे मोल ‘दियाना’तून शेक्सपिअरने कथानक उचलले म्हणून, डिग्ज आणि मॅब पहिल्या फोलिओच्या पानांमुळे. मार्गारेट टायलरकडे अलीकडे लक्ष गेले ते स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास नव्याने लिहिला जाऊ लागला म्हणून. तिच्या बाबतीत मात्र प्रथमच पुस्तक तिच्या स्वतःच्या नावाने शोधले जात आहे. बाकीच्यांचे तसे अजून व्हायचे आहे. ग्रंथालयाच्या सूचीत ‘सर्व्हान्टेस’ या नावाखाली शेल्टन एका ओळीत मावतो. सूची ‘शेल्टन’ या नावापासून वाचायला लागले की चित्र पालटते. मग दिसतो तो दोन शत्रुराष्ट्रांच्या मध्ये उभा असलेला, कोणत्याच देशाने पुरता आपला न मानलेला माणूस, ज्याने एका मित्राला गोष्ट कळावी म्हणून एक कादंबरी दुसऱ्या भाषेत लिहून काढली.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. स्पॅनिश साहित्याशी आपली ओळख बहुतांशी इंग्रजीच्या वाटेनेच झाली, आणि ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या त्याही इंग्रजीवरूनच. रोलंडने फ्रेंचचा आधार घेतला म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्याने आपली स्वतःची कपाटेही एकदा उघडून पाहावीत. तेथील भाषांतरित पुस्तकांची शीर्षकपृष्ठे तपासावीत, आणि भाषांतरकाराचे नाव कोठे, किती लहान अक्षरांत आहे ते पाहावे. नसेल, तर पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या मालकाने ते पुसले नाही, तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल.